मॉकअपमध्ये भगवा, अंगावर विटकरी: इव्हेंट जर्सीच्या त्याच त्या तक्रारींवर इलाज

ऑक्टोबर लागला की राज्यात सायकल राईड, घाटातल्या शर्यती, ट्रेल रन यांची झुंबड उडते आणि इव्हेंटच्या जर्सी करणाऱ्यांचे फोन वाजायला लागतात. तक्रारी आता पाठ झाल्यात. "अहो, हा भगवा आहे का? ही तर वीट झालीये." "स्पॉन्सरचं नाव खिशात गेलं." "मांडीवर ताणलं की पांढरं दिसतंय." "काळा म्हणायचा की चॉकलेटी?" आयोजक दरवर्षी नवा, प्रिंटर नवा, गाव नवं, तक्रार जुनीच.

मुळाशी गेलं की बहुतेक वेळा एकच गोष्ट सापडते. मंजुरी चित्राला दिलेली असते, कापडाला नाही. ग्रुपवर मॉकअप, म्हणजे जर्सीचं संगणकावर केलेलं नमुनाचित्र, येतो, पाच जण अंगठा दाखवतात, दोघं "एक नंबर" लिहितात आणि तीनशे जर्सी छापायला जातात. तो मॉकअप उजेडी पडद्यावरचा, हात खाली सोडून ताठ उभ्या राहिलेल्या पुतळ्याचा. प्रत्यक्षात जर्सी शाईची असते, ताणलेली असते आणि हँडलवर वाकलेल्या माणसाच्या अंगावर असते. खालच्या बहुतेक दुखण्यांचं मूळ या फरकात आहे. काही गोष्टी मात्र सरळसरळ कारखान्यातल्या चुका असतात, आणि त्या ओळखता आल्या तर प्रिंटरशी बोलताना आवाज चढवावा लागत नाही.

रंग बदलला

यावर जास्त लिहितोय, कारण निम्मी भांडणं इथलीच.

आपल्याकडच्या जवळजवळ सगळ्या सायकलिंग जर्सी आणि इव्हेंटचे ड्रायफिट टीशर्ट सब्लिमेशनने छापले जातात. शाई आधी कागदावर छापतात. तो कागद पांढऱ्या पॉलिएस्टरवर ठेवून हीट प्रेसमध्ये साधारण २०० अंश सेल्सिअसला ४५ ते ६० सेकंद दाबला की शाईची वाफ होते आणि ती थेट धाग्यात शिरते. प्रेसमध्ये जाण्याआधी तो कागद पाहिलात तर पोटात गोळाच येईल: सगळं मळकट, धुरकट, जुन्या वर्तमानपत्रातल्या रंगीत फोटोसारखं. प्रेस उघडून कागद सोलला की त्याच मळकट छापातून झळझळीत लाल-पिवळं कापड बाहेर येतं. म्हणजे रंग कागदावर ठरत नाही, फाईलमध्ये तर नाहीच नाही. तो ठरतो तापमान, वेळ, दाब आणि कापड या चौघांच्या एकत्र मर्जीने. शिवाय या पद्धतीत पांढरी शाई नसते. पांढरं हवं तिथे कापड कोरं सोडायचं. त्यामुळे कापडाचा पांढरेपणा हाही तुमच्या डिझाईनमधला एक रंग आहे. पिवळट झाक असलेल्या स्वस्त कापडावर आकाशी रंग हिरवट दिसतो, त्याला डिझायनर काय करणार?

आता निदान. बिघडलेली जर्सी हातात आली की आधी काळा रंग बघा. काळा तपकिरी झाला असेल तर कापड जास्त भाजलं गेलं आहे: तापमान जास्त किंवा वेळ जास्त. काळा राखाडी, अर्धवट वाटत असेल तर कमी भाजलंय. अशा वेळी प्रिंटरकडे वापरलेला कागद मागा. त्या कागदावर अजून बरीच शाई दिसत असेल तर ती कापडात उतरलीच नाही. एकाच पॅनलवर मध्ये गडद आणि कडेला फिकट असेल तर प्रेसची पाटी सगळीकडे सारखी तापत नाही. जुन्या प्रेसमध्ये हे हमखास होतं. डिस्प्लेवर २०० दिसतं, म्हणून पाटीच्या कोपऱ्यात २०० असतंच असं नाही.

आणि काळा व्यवस्थित काळा आहे, तरी बाकीचे रंग चुकलेत? मग दोष प्रेसचा नाही. फाईल किंवा प्रोफाईलकडे (फाईलमधल्या रंगांचं शाईत भाषांतर करणाऱ्या सेटिंगकडे) चला.

इथला ठरलेला गुन्हेगार म्हणजे नेव्ही ब्लू. पडद्यावर भारदस्त निळा, कापडावर वांग्याचा जांभळा. निळ्यात सायन (आकाशी शाई) आणि मॅजेंटा (गर्द गुलाबी शाई) जवळजवळ सारख्या प्रमाणात असले की मॅजेंटा डोकं वर काढतो. फाईल सीएमवायकेमध्ये (म्हणजे चार शाईंच्या प्रमाणात) देत असाल तर मॅजेंटा सायनपेक्षा निदान तीस टक्क्यांनी कमी ठेवा. पण त्याआधी प्रिंटरला विचारा की त्याला फाईल आरजीबीमध्ये (म्हणजे पडद्याच्या लाल-हिरव्या-निळ्या उजेडाच्या प्रमाणात) हवी की सीएमवायकेमध्ये. प्रत्येक युनिटची पद्धत वेगळी असते. बरेच जण आरजीबी घेऊन आपल्या सॉफ्टवेअरमधल्या प्रोफाईलने रंग फोडतात. तुम्ही सीएमवायके पाठवली आणि त्याने ती आरजीबी समजून परत फोडली, तर दोनदा भाषांतर होऊन रंगाचं पाणी होतं.

भगव्याचं दुखणं वेगळं. किल्ल्याभोवतीची राईड असो, शिवजयंतीची रन असो, भगवा लागतोच, आणि तोही झगमगता लागतो. मोबाईलच्या पडद्यावरचा भगवा उजेडाने बनलेला असतो, शाईला तिथवर पोहोचता येत नाही. सॉफ्टवेअर मग जवळात जवळचा रंग शोधतं आणि त्यात कुठून तरी सायनचा किंवा काळ्याचा थेंब घुसला की भगव्याची वीट होते. इलाज सरळ आहे: त्या रंगातून सायन आणि काळा पूर्ण काढून टाका, पिवळा थोडा वाढवा आणि पडद्यावर जरा फिकटच वाटेल असा भगवा निवडा. कापडावर तो बरोबर बसतो. खरोखरच फ्लोरोसंट हवा असेल तर प्रिंटरकडे फ्लोरोसंट पिवळी आणि गुलाबी शाई आहे का ते विचारा. काहींकडे असते. नेहमीच्या चार शाईंतून निऑन निघत नाही, कितीही आग्रह केला तरी. "करून देतो साहेब" म्हणणारा प्रिंटर इथे ओळखून घ्यावा.

जाळीच्या कापडाने फसणारेही खूप. काखेखालच्या पट्टीला आणि पाठीला हवा खेळावी म्हणून जाळी लावतात, आणि पुढच्या पॅनलचाच रंग तिथे देतात. जाळीत भोकं असतात, आतली त्वचा किंवा सावली दिसते, त्यामुळे तोच रंग वेगळा वाटतो. लोक म्हणतात शेड चुकली. शेड बरोबरच असते. जाळीला मुद्दाम काळा किंवा पूर्ण वेगळा रंग द्या, म्हणजे तुलनाच होत नाही.

पावसाळ्यात यात दमटपणाची भर पडते. आषाढीच्या आधी निघणाऱ्या पंढरपूरच्या सायकल वाऱ्या किंवा साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन यांचे कपडे ऐन पावसात छापले जातात. कागद आणि कापड दोन्ही हवेतला ओलावा पितात. प्रेसमध्ये त्याची वाफ होते आणि रंगावर डाग, फुटलेल्या कडा, पसरलेली अक्षरं दिसतात. चांगला कारागीर कोरं कापड आधी काही सेकंद दाबून सुकवतो आणि कागदाचा रोल उघडा टाकत नाही. जूननंतरचं काम असेल तर प्रिंटरला हे विचारायला लाजू नका.

रंगाच्या सगळ्या तक्रारींवर शेवटी एकच खात्रीचा उपाय आहे: शेड पट्टी. ज्या कापडावर माल छापणार त्याच कापडावर, त्याच मशीनवर, तुमच्या डिझाईनमधले चार-पाच रंग छापून घ्या. भगवा आणि निळ्याच्या तीन-तीन छटा घ्या आणि प्रत्येकीवर नंबर छापा. पट्टी सकाळच्या उन्हात बघा, मग सावलीत बघा. ट्यूबलाईटखाली बघून ठरवू नका, इव्हेंट उघड्यावर आहे. एकदा धुवून बघा. जी पसंत पडेल ती छटा मधोमध कापा, दोन्ही तुकड्यांच्या मागे पेनाने सही आणि तारीख, अर्धा तुकडा प्रिंटरकडे, अर्धा तुमच्याकडे. उद्या वाद झाला तर दोन तुकडे आणि एक जर्सी शेजारी ठेवायची, बोलायची गरज राहत नाही.

"फोटो टाका ना व्हॉट्सॲपवर, लगेच सांगतो." हे वाक्य ऐकलं की माझ्या अंगावर काटा येतो. मोबाईलचा कॅमेरा स्वतःच्या मनाने रंग सुधारतो, पाठवताना फोटो दाबला जातो आणि बघणाऱ्याच्या पडद्याचा ब्राईटनेस वेगळा. कुरियरचे शंभर-दीडशे रुपये वाचवून तीनशे जर्सींचा जुगार खेळण्यात काय हशील?

आणखी एक. उशिरा नोंदणी केलेल्यांसाठी पन्नास-साठ जर्सी मागाहून छापल्या की त्यांची शेड जुळत नाही. कापडाचा लॉट बदलला, हवा बदलली, कधी शाईही बदलली. जुळवायच्या नादी लागूच नका. स्वयंसेवकांच्या जर्सीचा रंग सुरुवातीलाच वेगळा ठेवा आणि दुसरा लॉट पूर्णपणे त्यांचा करा. सहभागींच्या जर्सी मात्र पहिल्याच फेरीत थोड्या जास्तीच्या काढून ठेवा.

ताणलं की पांढरं

सब्लिमेशनचा रंग कापडाच्या वरच्या बाजूने बसतो. धाग्याची मागची बाजू आणि विणीच्या आतला भाग पांढराच राहतो. शिवाय लायक्राचा, म्हणजे ताणला जाणारा, धागा हा रंग नीट धरत नाही. कापड ताणलं की वीण उघडते आणि आतला पांढरा डोकावतो. गडद रंगात हे लगेच दिसतं: मांडी, खांदे, छाती, आणि खरं सांगायचं तर पोट.

सायकलिंग शॉर्ट्स आणि बिबसाठी (खांद्यावर पट्टे असलेल्या शॉर्ट्ससाठी) यावर तडजोड नको. काळे पॅनल छापायचे नाहीत. रंगवलेलं, म्हणजे आरपार काळं असलेलं लायक्रा घ्यायचं. छपाई फक्त बाजूच्या पट्टीवर किंवा मांडीच्या ग्रिपरवर (कपडा सरकू नये म्हणून असलेल्या पट्टीवर). चार पैसे जास्त जातात, पण गटातल्या मागच्या सायकलस्वारावर उपकार होतात. आणि फिकट रंगाच्या शॉर्ट्स डिझाईन करूच नका. घामाने किंवा पावसाने ओल्या झाल्या की त्या आरपार दिसतात. कुणी हट्ट धरला तर त्याला एकदा ओला नमुना घालून आरशासमोर उभं करा.

जर्सीच्या बाबतीत आधी माप तपासा. पांढरं दिसणं हे पुष्कळदा छपाईचं नाही, एक साईज लहान दिल्याचं लक्षण असतं. माप बरोबर असूनही दिसत असेल तर खांद्यावर आणि छातीवर गडद सपाट रंगाऐवजी मध्यम छटा किंवा नक्षी द्या. नक्षीत पांढरं लपतं.

शिलाईपाशी पांढरी रेघ

दोन कारणं. पहिलं, तयार शिवलेल्या टीशर्टवर छापलं. शिलाईची घडी, काख, कॉलर इथे कागद टेकतच नाही आणि पांढरे चट्टे राहतात. यावर उपाय नाही. "ऑल ओव्हर प्रिंट" असं सांगून स्वस्तात देणारे अनेकदा हेच करतात. कोटेशन घेतानाच विचारा: आधी छापून मग शिवणार, की शिवलेल्यावर छापणार?

दुसरं, छापून शिवलं पण डिझाईन पॅनलच्या रेषेपाशीच संपवलं. कटिंग मास्टरच्या कात्रीचा हात थोडा सरकतो, ओव्हरलॉकला कापड सरकतं, प्रेसमध्ये ते थोडं आटतंही. पार्श्वभूमी शिलाईच्या रेषेबाहेर निदान एक सेंटिमीटर जाऊ द्या.

आडवे पट्टे हीही याच घरातली डोकेदुखी. पुढचा आणि मागचा भाग वेगवेगळ्या साईजमध्ये वेगवेगळ्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे एम साईजला बरोबर जुळलेला पट्टा थ्री एक्सेलला बाजूच्या शिलाईवर पायरी घेतो. पट्टा हवाच असेल तर मध्ये साध्या रंगाची बाजूपट्टी टाका. त्याच वेळी लोगोंकडेही बघा. डिझाईन साईजनुसार मोठं-लहान करताना ऑपरेटर सगळं एकत्र निवडून ताणतो आणि एक्सएसमध्ये छातीवरचा लोगो काखेत शिरतो. पार्श्वभूमी साईजप्रमाणे वाढवायची, लोगोचं माप आणि जागा हाताने ठरवायची. सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठ्या साईजची पीडीएफ मागून घ्या. मधली एम बघून काही कळत नाही.

नाव खिशात

सायकलिंग जर्सीची पाठ खाली लांब असते आणि कमरेवर तीन खिसे असतात. मॉकअपमध्ये खिसे सपाट दिसतात, म्हणून डिझायनर त्यांच्यावर मोठ्या थाटात मुख्य प्रायोजक मांडतो. राईडच्या दिवशी त्या खिशांत दोन केळी, चिक्की, ट्यूब, मोबाईल आणि गुंडाळलेलं रेनजॅकेट असतं. कापड फुगतं, वरची कड ओघळते, नावाची पहिली आणि शेवटची अक्षरं बरगड्यांच्या बाजूला पळतात. नाव खिशाच्या रेषेवरून गेलं असेल तर ते तिथेच दुभंगतं. पुढे पूर्ण झिप असेल तर छातीच्या मधोमध टाकलेल्या लोगोचंही तेच: घाटात झिप उघडली की अर्धा इकडे, अर्धा तिकडे.

हे तपासायला कारखान्यात जावं लागत नाही. लोगो साध्या कागदावर खऱ्या मापात छापा, कापा आणि कुणाच्या तरी जुन्या जर्सीवर टाचणीने लावा. त्याला भिंतीला टेकवलेल्या सायकलवर बसवा, हात हँडलच्या खालच्या दांड्यावर ठेवायला सांगा, खिसे खरोखरच्या सामानाने भरा. मग समोरून, बाजूने आणि मागून फोटो काढा. छातीवरचा मोठा लोगो घडीत गेलेला दिसेल. पाठीचा वरचा भाग, खांदे आणि बाह्या मात्र उघड्या असतील. पैसे देणाऱ्याला तीच जागा द्या. हा फोटो प्रायोजकाला दाखवला की "आमचं नाव छातीवरच हवं" हा हट्ट आपोआप सुटतो.

ट्रेल रनसाठी हिशेब पुन्हा वेगळा. पाठीवर हायड्रेशन बॅग, म्हणजे पाठ गेली. पुढे बिब (स्पर्धकाच्या नंबरचा, अंगावर टाचायचा कागद), म्हणजे पोट गेलं. उरतात बाह्या आणि कॉलरखालची वीतभर जागा. बिबसाठी कोरी जागा आखून ठेवा, नाहीतर लोक नेमका तुमचा लोगो टाचण्यांनी भोसकतात.

सायकल वारीच्या जर्सीवर विठ्ठलाचं चित्र असतंच. ते पाठीच्या वरच्या भागात घ्या. खाली शेपटीकडे घेतलं तर मागच्या चाकाचा चिखल थेट मूर्तीवर उडतो, शिवाय बसताना ते अंगाखाली येतं. हे डिझाईनच्या टेबलावर कुणाच्या लक्षात येत नाही. दिवे घाटात पाऊस लागला की सगळ्यांच्याच येतं. आणि वारीची म्हणून पांढरीशुभ्र पातळ जर्सी काढणार असाल तर कापड १६० जीएसएमच्या (चौरस मीटरला इतके ग्रॅम वजन) आसपासचं घ्या. आषाढातल्या पावसात त्याहून पातळ पांढरं अंगाला चिकटून आरपार दिसतं.

लांबून ओळखू येण्याबद्दल एवढंच सांगेन: टूर द फ्रान्समध्ये घाटाच्या राजाला १९७५ पासून पांढऱ्यावर लाल ठिपके मिळतात, आणि हेलिकॉप्टरमधूनही तो एक माणूस लगेच सापडतो. मुंबई–पुणे सायकल शर्यतीत बोरघाट जिंकणारा 'घाटाचा राजा' ठरतो. असा एखादा किताब तुमच्याकडे असेल तर त्याची जर्सी इतकी साधी ठेवा. अठरा लोगो आणि सह्याद्रीची तीन पदरी रांग एकाच कापडावर नको.

देवनागरी फुटली

हे दुखणं खास आपलं, म्हणून बाहेरच्या मार्गदर्शिकांत सापडत नाही.

मराठी मजकूर कोरल ड्रॉमध्ये टाकून फाईल तिरुपूरला किंवा लुधियानाला पाठवली. तिथल्या संगणकावर तो फाँट नाही. जुन्या श्रीलिपी फाँटमध्ये टाईप केलं असेल तर नावाच्या जागी इंग्रजी चिन्हांचा बाजार दिसतो, आणि युनिकोडमध्ये असेल तर जुन्या आवृत्तीत वेलांटी भलत्याच अक्षरावर, रफार एक घर पुढे, 'सह्याद्री'चे दोन तुकडे. ऑपरेटरला मराठी वाचता येत नाही. त्याच्या दृष्टीने सगळं ठीकच असतं.

मजकूर पाठवण्याआधी कर्व्हमध्ये, म्हणजे फाँट न लागणाऱ्या आकारांत, बदला, हे बहुतेकांना माहीत असतं. पुढची पायरी राहून जाते. अक्षरांमधलं अंतर वाढवलेलं असेल तर शिरोरेखा तुटलेली राहते. अंतर नसलं तरी कर्व्ह केल्यावर प्रत्येक अक्षर हा सुटा आकार असतो. त्याला पांढरी किंवा काळी आउटलाईन दिली की ती प्रत्येक अक्षराभोवती फिरते आणि शिरोरेखेवर दर अक्षरागणिक एक उभी चीर पडते. पडद्यावर लहान आकारात ती दिसत नाही, पाठीवर वीतभर अक्षरात लख्ख दिसते. आउटलाईन देण्याआधी सगळा शब्द वेल्ड करून एकसंध करा.

बारीक अक्षरांत जोडाक्षरं भरून येतात. डॉट निटसारख्या खडबडीत विणीवर 'महाराष्ट्र'मधला 'ष्ट्र' हा नुसता ठिपका होतो, विशेषतः गडद पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं असली तर. आजूबाजूची शाई आत सरकते. मी पाच-सहा मिलिमीटरपेक्षा लहान देवनागरी कापडावर देत नाही, आणि रेघा बारीक असलेला फाँट तर मुळीच नाही. शेवटची पीडीएफ मराठी वाचणाऱ्या, पण डिझाईनशी संबंध नसलेल्या माणसाला मोठ्याने वाचायला द्या. डिझायनर स्वतःच्या चुका वाचत नाही, मनातलं वाचतो.

पांढरा लोगो गुलाबी झाला

इव्हेंट आठ दिवसांवर आल्यावर एक प्रायोजक उगवतो. जर्सी छापून तयार. मग कुणीतरी सुचवतं, व्हिनाईल किंवा डीटीएफने (फिल्मवर छापून उष्णतेने चिकटवायचा प्रकार) वरून चिकटवू. लाल जर्सीवर पांढरा लोगो चिकटवला, त्या दिवशी सुरेख दिसला, आणि दोन-तीन दिवसांनी गुलाबी. पॉलिएस्टरमधला रंग उष्णतेने पुन्हा हलतो आणि वरच्या थरात चढतो. चिकटवण्याची उष्णता जितकी जास्त, तितकं हे लवकर.

चिकटवायचंच असेल तर कमी तापमानाची फिल्म आणि मध्ये रंग अडवणारा थर असलेला प्रकार मागा, आणि एका जर्सीवर चिकटवून दोन दिवस ठेवा. एवढा वेळ नसेल तर गडद लोगो घ्या. तो गुलाबी झालेला कुणाला कळत नाही. पण माझं मत विचाराल तर उशिरा आलेल्या प्रायोजकाला मेडलची रिबन द्या, किटबॅग द्या, कमान द्या. चिकटवलेल्या चौकोनातून घाम बाहेर जात नाही, आणि तिथे नेमकी त्वचा घासते.

डिसेंबर-जानेवारीच्या इव्हेंटसाठी प्रायोजकांची यादी दिवाळीच्या बरीच आधी बंद करा. दिवाळीला शिलाईचे कारागीर गावी जातात, बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशातले छठ करूनच परततात. त्या काळात "चार दिवसांत देतो" या शब्दावर विसंबू नये.

रात्री चमकत नाही

मॉकअपमध्ये चंदेरी पट्टी काढली आणि प्रिंटरने ती करड्या शाईत छापली. ती करडीच राहणार. फ्लोरोसंट रंगही दिवसाउजेडीच काम करतो, अंधारात त्याचा काही उपयोग नाही. रात्री गाडीचा प्रकाश परत फेकायला रिफ्लेक्टिव्ह टेपच लागते, आणि ती छपाईनंतर वेगळी लावावी लागते. तीही उष्णतेने चिकटवतात, म्हणून वर सांगितलेली चाचणी इथेही करा.

बीआरएमसाठी, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या राईडसाठी, जर्सी काढणाऱ्या क्लबांनी हे मनावर घ्यावं. २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात, ३०० ला २०, ४०० ला २७ आणि ६०० ला ४०. म्हणजे ३०० पासून पुढे बहुतेकांची रात्र रस्त्यावरच जाते. पुणे ते गोवा धावणाऱ्या डेक्कन क्लिफहँगरसारख्या शर्यतीतही तेच. टेप कमरेच्या खिशांवर लावली तर फुगलेल्या सामानाने वाकडी होते. खांद्यामागे आणि बाह्यांच्या मागच्या कडेला लावा. मोज्यांवर किंवा घोट्याच्या पट्टीवर तर जरूर लावा. पॅडल मारताना वरखाली होणारी चमक ड्रायव्हरच्या लवकर लक्षात येते. पण अशी टेप लावली म्हणून नियमातलं रिफ्लेक्टिव्ह व्हेस्ट चुकत नाही. ते वेगळं घालायचंच.

साईजचा गोंधळ

थोडक्यात: फॉर्ममध्ये 'एम, एल, एक्सेल' विचारू नका, छातीचं माप इंचात विचारा. तक्त्यातलं माप अंगाचं की कपड्याचं, ते ठळक लिहा. रेस फिट (अंगाला घट्ट) आणि क्लब फिट (जरा सैल) असे दोन प्रकार असतील तर दोन्हीचे घालून बघायचे संच क्लबमध्ये फिरवा. आणि बायकांसाठी पुरुषांचीच लहान साईज देऊ नका, तो कट वेगळा असतो.

माल आला, इव्हेंट परवावर

खोका उघडला की वरच्या जर्सी बघून खूश होऊ नका. वर चांगल्याच ठेवतात. प्रत्येक साईजमधून, तळातून, चार-पाच काढा आणि सही केलेल्या तुकड्याशेजारी उन्हात धरा. झिप वरखाली करा. पाठीचा ग्रिपर ताणा. एक जर्सी ओली करून पिळा.

रंग चुकला असेल तर आता काही होणार नाही. तो विषय बिलाचा आहे, जर्सीचा नाही. शिलाईवरची पांढरी रेघ कापडाच्या मार्करने झाकता येते, कारखान्यातही तेच करतात. बाहीवरचं नाव चुकलं असेल तर तेवढी बाही नव्याने छापून बदलता येते, पण दहा-वीस जर्सींपुरतीच, आणि शिंपी गावात असेल तरच. पोडियमवर चढणाऱ्यांच्या जर्सी आधी दुरुस्त करा. फोटो त्यांचेच निघणार आहेत. साईजचे घोळ किट वाटताना टेबलावरच अदलाबदलीने सुटतात, म्हणून एक्स्पोला बदलीसाठी वेगळी रांग ठेवा आणि त्या टेबलावर आवाज न चढवणारा माणूस बसवा.

उरलेले पैसे ही तपासणी झाल्यावरच द्या, आणि हे ऑर्डर देतानाच लिहून ठेवा. बरेच प्रिंटर डिलिव्हरीआधी पूर्ण रक्कम मागतात. निदान चौथा हिस्सा तरी हातात राहू द्या. पुढच्या सीझनसाठी त्याच लॉटचं मीटरभर कोरं कापड आणि तो सहीचा तुकडा एका पाकिटात घालून वर इव्हेंटचं नाव, प्रिंटरची सेटिंग आणि कापडाचं जीएसएम लिहून ठेवा.